घरची भाजीबाग: आधी ऊन मोजा, रोप सगळ्यात शेवटी आणा

"फुलं येतात आणि गळतात, काय फवारू?" "पानं पिवळी पडली, कोणतं खत घालू?" "वेल मांडवभर पसरला, पण दुधी एकही धरत नाही." भाजीबागेबद्दलचे प्रश्न असे येतात, आणि त्यांची उत्तरं बहुतेक वेळा फवाऱ्यात किंवा खताच्या पिशवीत नसतात. चूक दोन-अडीच महिने आधीच झालेली असते, कुंडी त्या कोपऱ्यात ठेवली तेव्हा किंवा तिच्यात माती भरली तेव्हा.

गडबड क्रमाची होते. रोपवाटिकेत टवटवीत रोप दिसतं आणि ते घरी येतं. मग त्याच्यासाठी कुंडी शोधली जाते, कुंडीसाठी माती, आणि सगळ्यात शेवटी कुंडी ठेवायला जागा. हाच क्रम उलटा धरायचा: जागा, कुंडी, माती, बी, रोप. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळला तर पुढचं सगळं नीट करूनही हाती काही लागत नाही, हे मी दोन हंगाम वाया घालवून शिकले आहे.

## टप्पा १: जागा ठरवा, ऊन मोजा

"आमच्याकडे भरपूर उजेड येतो" या वाक्याला भाजीच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. उजेड वेगळा, ऊन वेगळं. जमिनीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर ते ऊन, नुसता धूसर डाग पडला तर तो उजेड.

एका निरभ्र दिवशी सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला बघा आणि जिथे ऊन आहे तिथे खडूने खूण करा. दिवसाच्या शेवटी प्रत्येक जागेचे तास मोजा.

- ६ ते ८ तास थेट ऊन: टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, गवार, सगळे वेल.
- ४ ते ५ तास: मुळा, बीट, गाजर.
- ३ ते ४ तास: पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस.

तीन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर फळभाजीचा नाद सोडा. झाड वाढेल, उंचही होईल, पण फळ धरणार नाही, आणि मग खताच्या मागे लागाल. अशा जागेत पुदिना किंवा मायक्रोग्रीन्स (कोवळीच कापून खायची रोपं) बरे.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. एक, सूर्याची वाट वर्षभरात सरकते. थंडीत बाल्कनीच्या आतल्या भिंतीपर्यंत येणारं ऊन उन्हाळ्यात कठड्यावरच थांबू शकतं, म्हणून हंगाम बदलला की मोजणी पुन्हा करा. दुसरी, कठड्याची सावली. जमिनीवरची कुंडी दिवसभर सावलीत असते आणि दोन फूट वर लख्ख ऊन असतं. अशा ठिकाणी कुंडी स्टँडवर चढवली की प्रश्न मिटतो.

सावधान: गच्चीवर बाग करणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा. भिजलेली साधी माती लिटरमागे दीड किलोच्या पुढे जाते, म्हणजे २० लिटरची एक कुंडी ३० किलोंच्या आसपास. जड कुंड्या कडेला, भिंती आणि तुळयांच्या रेषेत ठेवा, स्लॅबच्या मधोमध गर्दी नको. मोठे वाफे करायचे असतील तर बांधकामातल्या जाणकाराला विचारूनच करा. कुंड्यांखाली विटा ठेवा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि खालचा ओलावा वाळेल.

तपासा: नळ किती लांब आहे? तापलेल्या दिवसात मोठं झालेलं टोमॅटोचं एक झाड दोन-तीन लिटर पाणी सहज पितं. बादली घेऊन दोन खोल्या ओलांडाव्या लागत असतील तर पहिल्या महिन्यातला उत्साह तिसऱ्या महिन्यात उरत नाही.

## टप्पा २: काय लावायचं ते ठरवा

पहिल्या हंगामात चार-पाच भाज्यांच्या वर जाऊ नका. मुळा, मेथी, पालक यांत चूक झाली तरी महिन्याभरात कळते. एक-दोन मिरच्या आणि एक वांगं किंवा टोमॅटो. एवढं पुरे. कोबी-फ्लॉवर पहिल्यांदा टाळा, एक गड्डा मिळवायला मोठी कुंडी अडीच-तीन महिने अडकते.

महिन्यांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा तापमान बघा. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा यांना साधारण १५ ते २५ अंश सेल्सियस मानवतं. ऊन वाढलं की कोथिंबीर आणि पालक पानं सोडून फुलोऱ्यावर येतात, त्यावर औषध नाही. भेंडी, गवार, मिरची, वांगी आणि वेलभाज्यांना २५ ते ३५ अंशांची ऊब लागते. टोमॅटो मधला आहे. दिवस ३५ च्या वर गेले आणि रात्रीही गार होईनात, की त्याचे पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. "फुलं गळतायत, काय फवारू" याचं उत्तर कित्येकदा इतकंच असतं: काही नाही, हवा उतरेपर्यंत थांबा.

## टप्पा ३: कुंडी

कुंडी निवडताना नजर तिच्या खोलीवर आणि आतल्या मातीवर हवी, देखणेपणावर नको.

- पालेभाज्या: १५ ते २० सेंमी खोल, पण पसरट.
- मुळा, गाजर: किमान ३० सेंमी खोल.
- मिरची: १० ते १२ लिटर माती.
- टोमॅटो, वांगी: १५ ते २० लिटर.
- दुधी, दोडका, भोपळा: ४० लिटर किंवा जास्त.

एका कुंडीत एकच टोमॅटो. "दोन लावू, एक मेलं तर दुसरं राहील" असं म्हणून दोन लावली जातात. दोन्ही जगतात आणि दोन्ही उपाशी राहतात.

तळाला बोटभर जाडीची पाच-सहा भोकं हवीत, मधोमध एकच नको. आणि आता सगळीकडे सांगितला जाणारा एक सल्ला विसरा: तळाला दगड-खड्यांचा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते थराच्या सीमेवर अडून राहतं आणि ओला चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा, नारळाची शेंडी किंवा खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये इतक्यापुरती. बाकी सगळी कुंडी मातीला द्या.

सावधान: रंग, कीटकनाशक किंवा कुठलंही रसायन भरून आलेला डबा धुऊनही भाजीसाठी वापरू नका.

## टप्पा ४: माती तयार करा आणि थांबा

सगळ्यात जास्त बागा या टप्प्यावर मरतात. बागेतली नुसती माती कुंडीत भरली की दोन महिन्यांत ती विटेसारखी घट्ट होते. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतलं तर त्यात पोषण जवळजवळ नसतंच. मिश्रणच करावं लागतं.

मापासाठी एकच घमेलं धरा: चार घमेली माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, तीन घमेली भिजवलेलं कोकोपीट. २० लिटरच्या कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. माती चिकण असेल तर तिच्यातलं एक घमेलं कमी करून जाड वाळू घाला.

क्रम असा:

1. कोकोपीटची वीट मोठ्या टबात भिजवा. ५ किलोंची वीट फुगून ७० लिटरच्या आसपास होते, त्यामुळे छोट्या बादलीत हा प्रयोग करू नका. त्यात क्षार असतात. दोन-तीन वेळा पाणी बदलून पिळून घ्या.
2. माती चाळा. खडे, काच, लव्हाळ्याच्या गाठी काढा.
3. खत तपासा (खाली दिलं आहे).
4. सगळं जमिनीवर पसरून कोरडंच कालवा, मग पाणी शिंपडा.
5. कुंडी भरा. वरून दोन इंच मोकळी ठेवा, नाहीतर प्रत्येक पाण्याला माती ओसंडून वाहील.
6. पाणी घालून ८ ते १० दिवस तशीच ठेवा. माती बसते, तणाचं बी उगवून येतं, ते उपटून टाका. मग पेरा.

तपासा: मिश्रणाचा मूठभर गोळा हातात दाबा. मुटका वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. वळलाच नाही तर मिश्रण कोरडं आहे किंवा वाळू फार झाली आहे. दाबताना पाणी ठिबकलं किंवा गोळा फुटेचना तर ओलं किंवा चिकण आहे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच: ओल आहे, पण चिखल नाही.

खत कच्चं आहे का हे ओळखायला नाक पुरतं. पूर्ण कुजलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, ते हाताला गार लागतं आणि त्यात मूळची पानं-देठं ओळखू येत नाहीत. शेणाचा किंवा अमोनियाचा झणका आला, ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, तर अजून महिनाभर थांबा. मी थांबले नव्हते. बारा कुंड्यांत अर्धंकच्चं शेणखत सढळ हाताने घातलं. आठवडाभरात मिरचीच्या रोपांची पानं कडांनी करपली, मी ते ऊन समजून सावली केली, पाणी वाढवलं. उपटून बघितलं तेव्हा मुळांची टोकं तपकिरी झाली होती.

## टप्पा ५: बी पेरा

आधी बियाणं जिवंत आहे का बघा. दहा बिया ओल्या फडक्यात किंवा टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून झाकण लावलेल्या डब्यात उबदार जागी ठेवा. सात-आठ रुजल्या तर बियाणं चांगलं, चार-पाच रुजल्या तर दाट पेरा, दोनच रुजल्या तर नवीन आणा. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, टोमॅटो आणि वेलभाज्यांचं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं.

पाकिटावर संकरित (हायब्रीड) वाण लिहिलेलं असेल तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका, झाडं आईसारखी निघतीलच असं नाही. बी धरायचं असेल तर सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याच्या बियांतून तशीच झाडं येतात असं.

कुंडीत थेट पेरायच्या भाज्या: मुळा, गाजर, बीट, मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, गवार, घेवडा. गाजर-मुळ्याची रोपं करून लावली की मुळं वाकडी, फाटलेली येतात. काकडी, दुधी, दोडका यांनाही मुळं हललेली खपत नाहीत. रोप करायचंच असेल तर कागदी कपात करा आणि कपासकट लावा. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं ट्रेमध्ये करायची.

खोलीचा नियम सोपा आहे: बी जेवढं जाड, त्याच्या दोन ते तीन पट माती वर. म्हणजे भेंडीसाठी बोटाचं अर्धं पेर, आणि गाजरासाठी मातीची नुसती भुरभुर. बारीक बी खोल गाडलं जातं आणि मग "बियाणं खराब निघालं" असं होतं.

धण्यांचा प्रश्न दर वर्षी येतो. धणा म्हणजे एक बी नाही, एकमेकांना चिकटलेली दोन आहेत. पोळपाटावर धणे पसरून लाटण्याने हलकं दाबा, दोन फाका व्हायला हव्यात, भुगा नको. मग रात्रभर भिजवून पेरा. तरीही ८ ते १४ दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांचीच कोथिंबीर उगवत नाही. मेथी आणि मुळा ३ ते ५ दिवसांत दिसतात, भेंडी रात्रभर भिजवली तर आठवड्यात, टोमॅटो ५ ते १० दिवसांत. मिरची मात्र ८ ते २० दिवस घेते आणि गारठ्यात त्याहून जास्त.

सावधान: उगवलेली कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ते रोप कोलमडणं आहे, बुरशीचं काम. अती पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा ही कारणं. पडलेली रोपं काढा, पाणी तोडा, हवा खेळू द्या.

मग विरळणी. उगवलेलं रोप उपटायला हात होत नाही, हे मला मान्य आहे. पण मुळ्यात ५ सेंमीवर एक आणि गाजरात ४-५ सेंमीवर एक असं अंतर ठेवलं नाही तर नुसता पाला येतो. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात, म्हणून कात्रीने मातीलगत कापा. कापलेलं खाता येतं.

## टप्पा ६: रोप लावा

रोपाला बियातून पहिल्यांदा निघणाऱ्या दोन दलांव्यतिरिक्त चार-पाच खरी पानं आली की ते तयार. साधारण २५ ते ३५ दिवस. त्याआधी आठवडाभर त्याला बाहेरची सवय करा: पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग रोज तासा-दोन तासांनी वाढवत. विकत आणलेलं रोपही बऱ्याचदा जाळीखालचं असतं, तेही आल्या दिवशी कडक उन्हात ठेवू नका.

लावणी संध्याकाळी. तासभर आधी ट्रेला पाणी द्या, रोप खोडाला धरून ओढू नका, खालून ढकलून मातीच्या गड्ड्यासकट काढा. टोमॅटोची खालची पानं खुडून खोड खोल गाडा, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं. हेच वांगी-मिरचीला करू नका, ती ट्रेमध्ये जितकी खोल होती तितकीच लावा.

आधाराची काठी त्याच वेळी रोवा. महिन्याने काठी खुपसली की ती मुळांतून जाते.

## टप्पा ७: पाणी

"दिवसातून किती वेळा पाणी घालू?" या प्रश्नाला उत्तर नाही. घड्याळ बघून पाणी घालणं हीच चूक. बोट दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओल लागली, माती चिकटली, तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर घाला, आणि घालाल तेव्हा तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत घाला. रोज वरवर शिंतडलं की मुळं वरच्या इंचातच राहतात आणि एक दुपार चुकली तरी झाड मान टाकतं.

छोट्या कुंड्यांना बोटाचीही गरज नाही. पाणी दिल्यावर एकदा उचलून बघा, दोन दिवसांनी पुन्हा उचला. हाताला फरक कळायला लागतो.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगते. पाणी कमी पडलं तरी पानं मलूल होतात आणि जास्त झालं तरी मलूलच होतात, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मलूल पान बघून आणखी पाणी घालणं हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो आणि अर्ध्या वेळा तोच झाडाला मारतो. म्हणून आधी बोट घाला. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर पाणी बंद, कुंडी विटांवर, भोकं मोकळी करा. भर दुपारी पानं लोंबली पण संध्याकाळी आपोआप ताठ झाली तर काहीच करू नका, उन्हापासून बचावाची ती त्यांची रीत आहे.

पाणी सकाळी, मुळाशी. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात. मातीवर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन टाका, खोडापासून थोडं दूर. पाण्याच्या खेपा लगेच कमी होतात.

टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला चट्टा पडला तर तो रोग नाही. मातीत कॅल्शियम असूनही पाणी कधी खूप कधी शून्य असं मिळालं की ते फळापर्यंत पोचत नाही. लोक अंड्याची टरफलं चुरून घालतात. ती कुजायला महिनोन्महिने लागतात, या हंगामाच्या टोमॅटोला त्यांचा उपयोग नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं नीट येतात.

## टप्पा ८: खत

इथे फार बोलण्यासारखं नाही. लावणीनंतर महिनाभर काही देऊ नका, मातीतलं पुरतं. मग दर १५ दिवसांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत, वरची माती खुरप्याने हलवून, त्यावर पाणी. कोरड्या मातीत खत देऊ नका.

झाड गर्द हिरवं, धष्टपुष्ट आणि फूल एकही नाही, असं दिसलं तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालं आहे. खत थांबवा. पिवळेपणात जागा बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, आणि त्याचं कारण बऱ्याचदा साचलेलं पाणी असतं, म्हणून आधी निचरा बघा.

## टप्पा ९: फूल ते फळ

टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. वारा नसलेल्या बाल्कनीत सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारली की काम होतं.

वेलांचं तसं नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बहुधा नुसती नर फुलं येतात आणि गळतात. ते ठीक आहे. मादी फूल ओळखायला फुलामागे बघा: नराला नुसता लांब देठ असतो, मादीच्या मागे बोटभर चिमुकलं फळ असतं. ते फळ दोन-चार दिवसांत पिवळं पडून गळालं तर पराग पोचले नाहीत असं समजा.

मग हाताने परागीकरण करायचं. पण वेळ कोणती? काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र दिवस उतरताना, संध्याकाळी उमलतात. सकाळी नऊला ब्रश घेऊन दुधीच्या वेलापुढे उभं राहणाऱ्याला मिटत चाललेली फुलं दिसतात आणि वर "हाताने करूनही धरत नाही" अशी तक्रार उरते. दिवेलागणीला जा. पांढरं दुधीचं फूल अंधारात लांबूनही दिसतं. ताजं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे मुडपा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या गुबगुबीत भागावर हलकेच फिरवा. बोटाला पिवळी भुकटी लागली तर पराग आहेत, नाही लागली तर दुसरं फूल घ्या. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. धरलं असेल तर तीन-चार दिवसांत फळ हिरवंगार राहून लांबायला लागतं आणि देठ जाड होतो.

दुधीचा मुख्य वेल सहा-सात फूट झाला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात, मादी फुलं त्यांच्यावर जास्त येतात.

सावधान: दुधी, दोडका किंवा काकडी चिरताना छोटा तुकडा चाखून थुंका. चव चरचरीत कडू लागली तर संपूर्ण फळ टाका. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही.

## टप्पा १०: कीड

आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघा. कीड वर दिसते तेव्हा खाली महिनाभराचा संसार झालेला असतो.

मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि पिठ्या ढेकूण (पांढरे, कापसासारखे किडे) थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा, उरलेले जुन्या टूथब्रशने काढा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर मावा शोधाच. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसले तर फवारणी टाळा, ते तुमचं काम करत असतात.

त्याने भागलं नाही तर निंबोळी तेल: एक लिटर कोमट पाण्यात आधी १-२ मिलि द्रव साबण, मग ५ मिलि तेल, चांगलं हलवून लगेच वापरा. आधी एका पानावर मारून दिवसभर थांबा. संध्याकाळी, पानांच्या खालून फवारा, सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

मिरचीच्या चुरडा-मुरड्यात, म्हणजे पानं आकसून वळतात तेव्हा, पान कुठे वळलंय ते बघा. कडा होडीसारख्या वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळल्या असतील तर कोळी (माइट्स, जाळी विणणारा घरातला कोळी नव्हे). नवीन फूटच बारीक, गुंतागुंतीची येत असेल आणि झाड खुंटलं असेल तर विषाणू. त्यावर औषध नाही. झाड पिशवीत बांधून टाका, बाकीची वाचतील.

## टप्पा ११: तोडणी आणि कुंडी रिकामी करणं

भेंडी एक दिवसाआड तोडा. दोन दिवस राहिली की दोरा होते, आणि जून फळ झाडावर राहिलं की नवीन फूल मंदावतं. काकडी, गवार, घेवडा यांचंही तेच. पालक-मेथीची बाहेरची पानं घ्या, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. टोमॅटोला गुलाबी झाक आली की तोडला तरी घरात पिकतो, पक्ष्यांशी स्पर्धा नको.

हंगाम संपला की माती टाकून देऊ नका. ओतून, मुळं काढून, ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे झाकून ठेवा, मग तिसरा हिस्सा नवीन खत मिसळा. टोमॅटो, मिरची, वांगी आणि बटाटा एकाच कुळातले आहेत. ज्या मातीत यांतलं एक झालं तिथे पुढच्या हंगामात दुसरं लावू नका, शेंगभाजी किंवा पालेभाजी घ्या.

मुळं काढताना ती धुऊन एकदा उजेडात बघा. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील, आणि नखाने खरवडूनही त्या सुटत नसतील कारण मूळच सुजलेलं आहे, तर ते सूत्रकृमी, मुळांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. ती माती वेगळी ठेवा, तापवल्याशिवाय वापरू नका, आणि त्याच खुरप्याने दुसरी कुंडी हलवू नका. घेवडा, गवार, वाटाण्याच्या मुळांवरही गाठी दिसतात, पण त्या बोटाने सहज सुटून येतात आणि फोडल्यावर आत गुलाबी असतात. त्या हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या आहेत. ही झाडं उपटू नका, मातीलगत कापा आणि मुळं कुंडीतच राहू द्या.